मॅन्टिस श्रिंप टँकबाहेर काढण्याआधीची तयारी

समुद्री माशांच्या टँकमधल्या दगडात लपून कधी कधी मॅन्टिस श्रिंप हा कोलंबीसारखा प्राणी येतो, टकटक आवाज करतो आणि गोगलगायी फोडतो. दगड उचलायच्या आधी खात्री करा की टकटक करणारा मॅन्टिसच आहे. पिस्तूल श्रिंपचा आवाजही जवळपास तसाच येतो, आणि तो तर गोबी माशासोबत एका बिळात सुखाने नांदणारा जीव. त्याला उगाच घरातून काढू नका. पिस्तूल श्रिंपची एक नांगी दुसरीपेक्षा ठळकपणे मोठी असते. मॅन्टिसचे पुढचे पाय छातीखाली घडी घातलेले असतात आणि देठांवरचे डोळे एकेक वेगळे फिरतात. सकाळी गोगलगायींचे शंख फुटलेले मिळाले तर संशय पक्का समजा. दगडातले काटेरी किडे (ब्रिसलवर्म) मेलेली गोगलगाय खातात, शंख फोडत नाहीत.

मग बीळ शोधा. मुंबईत यासाठी रात्री उशिराच बसावं लागतं. रस्ता शांत झाल्यावर पंखा, एसी, वेव्हमेकर (टँकमध्ये लाटा करणारा पंप) बंद करून काचेला कान लावा. टॉर्चवर लाल कागद लावायचा सल्ला सगळे देतात. मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही, कारण या प्राण्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे १२ प्रकार असतात आणि लाल प्रकाशही त्याला बऱ्यापैकी दिसतो. उजेड मंद ठेवा आणि थांबा. भोक सापडलं की मोबाईलवर त्या दगडाचा फोटो काढून भोकावर गोल करून ठेवा, कारण दगड बाहेर आल्यावर उलटसुलट होतो आणि सगळी भोकं सारखीच दिसतात. बिळाला बहुतेक दुसरं तोंडही असतं, तेही हुडका.

आदल्या दिवशी आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट विरघळवून ठेवा. लिटरला साधारण ३५ ग्रॅम धरा, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे खारेपणा मोजणाऱ्या यंत्राचा: सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास हवी. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. दोन स्वच्छ बादल्या घ्या, साबणाच्या पाण्याला कधीच न लागलेल्या, आणि एका एअर पंपाची सोय करा. बाहेर गावी हीटर विसरू नका सांगतात. आपल्याकडे मे किंवा ऑक्टोबरात उलटी काळजी. टँक २५-२६ अंशांवर असतो आणि स्वयंपाकघरातली बादली बघता बघता ३० वर जाते. म्हणून पाण्याच्या बाटलीचा बर्फ करून, झाकण घट्ट लावून, ती बादलीत तरंगत ठेवायला तयार ठेवा. थर्मामीटर हाताशी असू द्या.

जाड रबरी हातमोजे घ्या आणि तरीही प्राण्याला हातात धरू नका. पीकॉक मॅन्टिस या मोठ्या जातीचा फटका सेकंदाला सुमारे २३ मीटर वेगाने बसतो. आपल्या टँकमध्ये शिरलेला बहुधा त्याच्यापेक्षा बराच लहान असतो, पण बोट फाटायला लहानही पुरतो. एक बारीक जाळी, प्लास्टिकचा डबा, सुई काढलेली मोठी सिरिंज आणि साध्या सोड्याची बाटली जवळ ठेवा. सोडा साखर-मसाला नसलेलाच हवा.

दगड हलवायच्या आधी हीटर बंद करा. पाणी उतरलं आणि तो उघडा पडला तर काच तडकते. खाली जाळी धरून दगड झटकन उचला, रिकाम्या बादलीवर धरा आणि सिरिंजने भोकात थोडा सोडा सोडा. दुसऱ्या तोंडाकडेही लक्ष असू द्या. मॅन्टिस बाहेर पडला की लगेच मिठाच्या पाण्याच्या डब्यात घ्या. दगडावर कोरल असेल तर सोड्याचा थेंबही तिकडे जाऊ देऊ नका. दगड नव्या खारट पाण्यात धुऊनच परत ठेवा.

दगड चिकटवलेला असेल तर बाटलीचा सापळा लावा. बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत कोलंबीचा तुकडा ठेवा, मात्र बाजारातून आणलेला, हळद-मीठ न लावलेला. तांब्याचं औषध टाकून सुटका करायचा विचार मनातही आणू नका. कोरल, गोगलगायी, खेकडे सगळेच जातील आणि तांबं दगडात मुरून राहील.

त्याला कुठे ठेवायचं हेही आधीच ठरवा. लहान वेगळी टाकी, लपायला पीव्हीसी पाइपचा एखादा तुकडा आणि घट्ट झाकण एवढ्यात तो छान राहतो, आणि बघायला खरंच देखणा प्राणी आहे. वरळीला किंवा मरीन ड्राइव्हला समुद्रात सोडू नका. तो कुठल्या समुद्रातून आला याचा पत्ता नसतो. नंतरही काही रात्री कान देत राहा, एकाच दगडातून दोन आलेले असू शकतात. तोवर नव्या गोगलगायी आणू नका.