ऑडिशनमध्ये पियानोच्या साथीदाराशी कसं बोलावं

आपल्याकडे गायला उभं राहिलं की पेटीवाल्याला "काळी चार" म्हणायचं आणि सुरू व्हायचं. तो कान देऊन मागोमाग येतो, जागा लांबली तरी सांभाळून घेतो. म्युझिकलच्या, म्हणजे पाश्चात्त्य धर्तीच्या संगीत नाटकाच्या, ऑडिशनला या सवयीवर विसंबू नका. पेटीवाला ऐकून वाजवतो, पियानोवरचा साथीदार मुख्यतः बघून वाजवतो. तुमचा कागद तो बहुधा पहिल्यांदाच बघत असतो, आणि बोलायला मिळतं जेमतेम अर्धं मिनिट. म्हणून निम्म्याहून जास्त बोलणं घरीच, कागदावर करून ठेवायचं.

आधी नोटेशन योग्य आहे ना ते बघा. वरची ओळ गाण्याची आणि तिच्याखाली पियानोच्या दोन ओळी, असा कागद हवा. नुसते शब्द आणि वर कॉर्ड (एकत्र वाजवायच्या सुरांची नावं) लिहिलेल्या कागदावर कुणी काहीतरी वाजवून देईलही, पण तुम्ही सराव केला तसं ते नसेल. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोज या संगीताच्या दुकानात छापील पुस्तकं मिळतात. ऑनलाइन विकत घेतलं तर बऱ्याच गाण्यांची पट्टीही निवडता येते. ही पुस्तकं बहुधा ए-फोरपेक्षा मोठी असतात, त्यामुळे झेरॉक्सवाल्याला थोडं लहान करून काढायला सांगा. नाहीतर सगळ्यात खालची ओळ कापली जाते, आणि ती डाव्या हाताची असते. त्या हाताने काय वाजवायचं हे मग देवच जाणे!

पट्टी बदलायची असेल तर त्या पट्टीतलाच कागद न्या. "जरा दोन सूर खाली घ्याल का?" हे ऐनवेळी विचारू नका. बघता बघता पट्टी बदलून वाजवणं अवघड काम आहे, आणि चुकलं तर हसं तुमचं होतं. शिवाय समोरच्याला "काळी चार" कळेलच असं नाही. त्याच्या भाषेत तो ए फ्लॅट किंवा जी शार्प.

बहुतेक ठिकाणी गाण्याचे १६ किंवा ३२ बार मागतात. बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला भाग. चार मात्रांचे १६ बार म्हणजे ६४ मात्रा, त्रितालाची चार आवर्तनं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे ३२ सेकंदांत संपतं. तेव्हा कुठून सुरू आणि कुठे बंद, हे पेनने ठळक दाखवा. मधला भाग गाळला असेल तर नुसती फुली मारून "इथून तिकडे उडी" असे बाण काढू नका. कापून, चिकटवून सलग पानं बनवा आणि त्यांची नवी झेरॉक्स घ्या. पानं पाठपोट करून रिंगच्या फाइलीत लावा. सुटे कागद पंख्याखाली उडतात. चकचकीत प्लास्टिकच्या पाकिटांवर दिवा चमकून नोटेशन दिसेनासं होतं, ती मला अजिबात आवडत नाहीत. पावसाळ्यात लोकलने जाणार असाल तर अख्खी फाइल पिशवीत घाला, तेवढं पुरे.

आता हॉलमध्ये. परीक्षकांना नमस्कार करून सरळ पियानोकडे जा आणि फाइल योग्य पानावर उघडून ठेवा. मुंबईत हे बोलणं बहुधा हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत होतं, पण मजकूर एवढाच: "गुड मॉर्निंग सर. इथून सुरू करायचंय, आधी दोन बार वाजवा. इथे संपतं. या ओळीवर मी थोडी थांबते." मग लय.

गडबड होते ती लयीतच. चुटक्या वाजवू नका. एक तर ते उद्धट दिसतं, शिवाय घाबरलेल्या माणसाच्या चुटक्या नेहमी पळतात. नुसतं "फास्ट" म्हणूनही काही कळत नाही. त्याऐवजी गाण्यातली शब्दांनी सगळ्यात गच्च भरलेली ओळ मनात आठवा आणि हळू आवाजात तिथेच गुणगुणून दाखवा. ती ओळ ज्या लयीत जिभेला झेपते, ती तुमची खरी लय. आधीचे दोन बार नको असतील, तर फक्त पहिला सूर मागा.

जागेवर जाऊन श्वास घ्या, साथीदाराकडे बघून मान हलवा, आणि त्यानंतर मागे वळू नका. लय संथ लागली तर मांडीवर ताल धरू नका, पाय आपटू नका. शब्द स्पष्ट आणि ठाम टाकत तुमच्या लयीत गा. अनुभवी साथीदार दोन बारांत तुमच्याबरोबर येतो. अगदीच गाडी घसरली तर थांबून परीक्षकांना विचारा, "मी पुन्हा सुरू करू का?" चूक कुणाची ते सांगू नका, पियानोकडे डोळेही वटारू नका. कधी कधी तिथे बसलेली व्यक्तीच त्या नाटकाची संगीत दिग्दर्शक असते.

झाल्यावर आधी साथीदाराला थँक्यू म्हणा आणि फाइल उचला. ती पियानोवर विसरून जाणारे इतके असतात, की फाइलीच्या पहिल्या पानावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवलेला बरा.