वाईन घेताय? पैसे वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो. बजेट असतं हजार-दीड हजाराचं, दुकानात गेलो की नजर जाते फॉरेनच्या बाटलीवर, आणि आपण तीच उचलतो कारण फॉरेनची म्हणजे चांगलीच असणार असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण त्या दीड हजारात प्रत्यक्ष वाईनचे किती याचा जरा विचार करा. आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्युटी होती, त्यावर राज्याचा कर, इम्पोर्टरचं मार्जिन, दुकानदाराचं मार्जिन, वाहतूक, हे सगळं काढून टाकलं तर हातात उरते ती तिकडच्या सुपरमार्केटमधली अगदी साधी, रोजच्या जेवणाबरोबर घेतात तसली वाईन. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, त्यात ५ अमेरिकन डॉलरच्या वरच्या आयात किमतीच्या बाटलीवर ड्युटी १०० टक्क्यांवर आली आणि १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५ वर, पुढे टप्प्याटप्प्याने अजून कमी होत जाणार असं ठरलं. म्हणजे सूट आहे ती वरच्या रेंजला, स्वस्त बाटलीला नाही. म्हणून माझं सरळ मत, फॉरेनची घ्यायची तर बजेट वाढवून घ्या, नाहीतर तेवढ्याच पैशात आपल्या नाशिकची किंवा अकलूजची घ्या, ग्लासात फरक लगेच कळेल.

मग घ्यायची कुठली? नाशिकच्या सुला वायनरीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ (शिराझ, कॅबरने, सॉव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां ही सगळी द्राक्षांच्या जातींची नावं) ही मला पैसे वसूल वाईन वाटते, ओकच्या पिंपात मुरलेली, मसाल्याची छान झाक असलेली. व्हाइटमध्ये सुलाचीच सॉव्हिन्यों ब्लां, उन्हाळ्यात थंडगार आणि माशाबरोबर एकदम बेस्ट. अजून थोडं वर जायचं असेल तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजला बनणारी फ्राटेलीची सेट्टे बघा, सांजोवेझे आणि कॅबरने सॉव्हिन्यों यांचं ब्लेंड आहे. सुलाची रासा शिराझ पण याच वरच्या गटातली. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर झांपाची ला रिझर्व्ह फार चांगली रेड आहे, पण एक लक्षात ठेवा, दुसऱ्या राज्यातून आलेल्या वाईनवर कर वेगळा लागतो, त्यामुळे तीच बाटली बंगळुरूत परवडते आणि पुण्या-मुंबईत महाग वाटते. बंगळुरूला राहणाऱ्या मराठी मंडळींनी याच्या उलट हिशोब करायचा.

साल न बघता व्हाइट घेणं

ही चूक तर भले भले करतात. वाईन जितकी जुनी तितकी भारी हे मोजक्याच वाईन्सना लागू पडतं. आपल्याकडची साधी व्हाइट आणि रोझे म्हणजे गुलाबी वाईन ताजी प्यायचीच असते, एक-दोन वर्षांत संपवायची, नंतर तिचा फळांचा वास उडून जातो आणि चव सपाट होते. नाशिकला द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे त्याच सालची व्हाइट त्याच वर्षी दुकानात दिसू शकते. लेबलवरचं साल वाचा आणि चार वर्षं जुनी शेनिन ब्लां डिस्काउंटमध्ये मिळत असेल तर सोडून द्या. चांगल्या रिझर्व्ह रेडचं वेगळं आहे, ती नीट ठेवली तर पाचेक वर्षं आरामात टिकते.

आणि दुकानदार बाटली कुठून काढून देतोय तेही बघा हं. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात, नाहीतर ट्यूबलाइटखाली महिनोन्महिने उभी असलेली बाटली घेऊ नका, आतल्या पेटीतली मागा, लाजायचं काय त्यात.

गाडीच्या डिकीत वाईन

नाशिकला वायनरी बघायला जाणाऱ्यांनी हे नक्की वाचा. सकाळी टेस्टिंग करून सहा बाटल्या घेतल्या, डिकीत टाकल्या, मग त्र्यंबकेश्वर, मग जेवण, मग घाटातून मुंबई, आणि एप्रिलचं ऊन. बंद गाडीत वाईन अक्षरशः शिजते. नंतर ती उघडली की ताज्या फळाऐवजी उकळलेल्या जॅमसारखा वास येतो, कधी बूच थोडं वर आलेलं असतं, बाटलीच्या तोंडाशी चिकट ओघळ दिसतो. त्यामुळे खरेदी शेवटी करा, जमलं तर थर्माकोलचा बॉक्स न्या आणि बाटल्या एसी चालू असलेल्या भागात पायाशी ठेवा. घरी पण फ्रिजच्या वर किंवा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका, बुचाची बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच वाळत नाही, स्क्रू कॅपवाली उभी ठेवली तरी चालते.

"रेड खूप कडक लागते"

बहुतेक वेळा वाईन चांगली असते, फक्त गरम असते. रेड रूम टेंपरेचरला प्यायची हे थंड देशातलं गणित, तिकडची खोली म्हणजे १६ ते १८ डिग्री, आपली मे महिन्यातली ३२. एवढ्या तापमानाला अल्कोहोल नाकात जातं आणि चव बोथट होते. प्यायच्या आधी रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बस. व्हाइट दोन-तीन तास ठेवा.

तिखट जेवणाबरोबर कडक रेड हेही तसंच. तांबड्या रश्श्याबरोबर टॅनिनवाली, म्हणजे तोंड कोरडं करणारी तुरट कॅबरने घेतली की तोंडाची आग वाढतेच. तिथे किंचित गोडसर शेनिन ब्लां किंवा रोझे घ्या. शिराझ ठेवा कमी तिखट सुक्या मटणासाठी. बटाटेवडा, साबुदाणा वडा, कुठलाही तळलेला पदार्थ असेल तर ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे कमी गोड बुडबुडेवाली वाईन घ्या, तेलकटपणा कापते. दिंडोरीत बनणारी शॉन्डॉन ब्रूट पार्टीला न्यायला मस्त, बुडबुडे आणणारं दुसरं फर्मेंटेशन बाटलीतच होतं, शॅम्पेनच्या पद्धतीने.

स्पार्कलिंग घेताना अजून एक घोटाळा होतो, लेबलवर एक्स्ट्रा ड्राय दिसलं की लोकांना वाटतं ही सगळ्यात कमी गोड. उलट आहे, ब्रूट त्याच्यापेक्षा कमी गोड असते. आणि रिझर्व्ह शब्दासाठी जास्तीचे पैसे देताना सांभाळून. स्पेनच्या रियोखातली रेड रिझेर्वा निदान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक वर्ष ओकमध्ये, तिथे तो नियमच आहे. आपल्याकडे मात्र शब्दावर जाऊ नका, मागच्या लेबलवर ओकमध्ये किती महिने ठेवली ते लिहिलंय का ते वाचा.

उघडल्यावर गडबड वाटली तर

ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद माळ्यासारखा कुबट वास आला तर बूच बिघडलेलं आहे, हॉटेलात असाल तर बिनधास्त परत करा, तुमचा हक्क आहे तो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर हवा लागून खराब झालीय. पण तळाशी किंवा बुचाला साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, अजिबात अपाय नाही, शेवटचा घोट सोडा म्हणजे झालं. कित्येक लोक एवढ्यावरून चांगली बाटली ओतून देतात, फार वाईट वाटतं.

उरलेली वाईन, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. स्पार्कलिंगला साधं बूच चालत नाही, त्याचा खास क्लॅम्पवाला स्टॉपर मिळतो तो घ्या, बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून गॅस टिकत नाही.