हेल्मेटमुळे केसांचा होणारा गुंता, मला हे उपयोगी पडलं

पुण्यात रोज बाईकने ऑफिसला जाते, हेल्मेट काढलं की वर केस चप्पट आणि खाली नुसता गुंता. सगळ्यात जास्त फरक पडला तो आतून बांधलेल्या सॅटिनच्या स्कार्फने, कॉटनवर केस घासतात, सॅटिनवर घसरतात त्यामुळे तुटणं कमी झालं, फक्त पातळच घ्या नाहीतर हेल्मेटचं फिटिंग बिघडतं. वेणी मानेजवळ, सैल, टोक जॅकेटच्या आत, कारण गुंता होतो तो बाहेर उडणाऱ्या केसांचाच. अंबाडा किंवा उंच पोनी अजिबात नको गं, हेल्मेट नीट बसत नाही, ते खरंच धोक्याचं आहे. ओल्या केसांवर तर घालूच नका, दाबले तसेच वाळतात. पोचल्यावर मी डोकं खाली करून बोटांनी मुळं मोकळी करते, भांग दुसऱ्या बाजूला पाडते, झालं.