डीव्हीडी ड्राइव्ह नाही? पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना या चुका टाळा

पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं, आणि उघडलं जुनंच विंडोज. मग तोच पेनड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट होतो, शेवटी नागपूरच्या बर्डी बाजारातून नवा आणला जातो, तरी फरक पडत नाही. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह चांगलाच असतो. तो तयार करण्याची पद्धत आणि मशीनची बूट (सुरू) होण्याची पद्धत जुळत नाही, एवढंच.

सुरुवातीची चूक म्हणजे आयएसओ फाइल (विंडोजची पूर्ण प्रत असलेली एक फाइल) नुसती पेनड्राइव्हवर टाकणं. त्याने काहीच बूट होत नाही. काही जण आयएसओ उघडून आतल्या फाइल्स कॉपी करतात, पण फॅट32 या पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची 'इन्स्टॉल.विम' बऱ्याचदा त्याहून मोठी असते. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. पेनड्राइव्ह किमान 8 जीबीचा हवा आणि त्यावरचं सगळं पुसलं जाईल, हे धरूनच चला.

सर्वात जास्त वेळ खाणारी चूक जीपीटी आणि एमबीआरची, म्हणजे डिस्कचे भाग नोंदवण्याच्या नव्या आणि जुन्या पद्धतीची. सध्याचं विंडोज चालत असेल तर 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' बघा. तिथे यूईएफआय (बूट होण्याची नवी पद्धत) असेल तर रुफसमध्ये जीपीटी निवडा, लेगसी (जुनी पद्धत) असेल तर एमबीआर. सेटअप अर्ध्यावर 'या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, डिस्क एमबीआर आहे' असं सांगतो, तेव्हा डिस्क बिघडलेली नसते. पेनड्राइव्ह यूईएफआयने बूट झालाय आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. बूट मेनूत (मशीन कशावरून सुरू करायचं त्या यादीत) एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून आणि एकदा नुसता. त्यातला कोणता निवडला यावर पुढचं सगळं ठरतं. डिस्क पूर्ण रिकामी करायला हरकत नसेल तर सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ10 दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत 'डिस्कपार्ट' टाइप करा, 'लिस्ट डिस्क'ने आकार पाहून डिस्क ओळखा, ती निवडा, मग 'क्लीन' आणि 'कन्व्हर्ट जीपीटी'. इथे चुकीचा क्रमांक दिला तर दुसऱ्या डिस्कवरचे फोटो, हिशेब सगळं जातं. म्हणून बाकीच्या हार्ड डिस्क आधी काढून ठेवा.

मशीन चालू होताना दाबायची बूट मेनूची बटणं: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ12, एचपीला एस्केप आणि मग एफ9, आसूस लॅपटॉपला एस्केप. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एफ12 चा बूट मेनू बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंग्जमधून) आधी चालू करावा लागतो. बटण दाबूनही काही होत नसेल तर मशीन 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन पूर्ण होत नाही.

सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी? इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये हे होतं. एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटी ड्रायव्हर घ्या, उलगडा (एक्सट्रॅक्ट करा), आणि 'आयएनएफ' फाइल असलेलं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. उलगडलेलं नसेल तर सेटअपला काहीच सापडत नाही. बायोसमधून व्हीएमडी बंद करणंही जमतं, पण मग जुनं विंडोज सुरू होत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी 48 अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा.

पहिल्या रीस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तर मशीन परत पेनड्राइव्हवरूनच बूट होतंय. त्या क्षणी पेनड्राइव्ह काढा. नवं विंडोज वायफाय ओळखत नसेल तर ॲन्ड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट मशीनला मिळेल.

नागपुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा. कूलरच्या थेट झोतातही नको, ती हवा ओली असते. चार्जर लावलेलाच ठेवा, बॅटरी अर्ध्याहून जास्त असू द्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका: फाइल्स कॉपी होताना लाइन गेली, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.