बिल्डरची ५ वर्षांची वॉरंटी घालवायची नसेल तर या चुका टाळा

सोसायटीच्या कमिटीत आल्यापासून दर पावसाळ्यात तोच फोन, "काका, भिंतीला ओल आलीय आणि बिल्डर दाद देत नाही." माझा प्रश्न पण ठरलेला, लेखी कळवलंय का? तर नाही.

आधी ही वॉरंटी काय ते समजून घ्या, निम्म्या लोकांना ती आहे हेच माहीत नसतं. २०१६ च्या रेरा कायद्यातलं (बिल्डरांना लगाम घालणारा, घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) कलम १४(३). पझेशन दिल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरमध्ये, कामाच्या दर्जात किंवा सुविधांमध्ये दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करायचा, नाही केला तर नुकसानभरपाई. "आमची एकच वर्षाची गॅरंटी असते" असं साइट ऑफिसमध्ये कुणी सांगितलं तर हे कलम दाखवा.

आता माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. किल्ली हातात पडली रे पडली की बाथरूम फोडायचं. आमच्याच विंगमध्ये एका कुटुंबाने गृहप्रवेशाचा मुहूर्त गाठायचा म्हणून लगेच इंटिरियरवाल्याला आत घातलं, बिल्डरच्या टाइल्स चीप दिसतात म्हणून त्या उखडल्या, त्याबरोबर खालचं वॉटरप्रूफिंगही गेलं, वर कमोडची जागा सरकवली. दिवाळीपर्यंत खालच्यांच्या बाथरूमच्या स्लॅबला पिवळे डाग आणि पोपडे. बिल्डरचा इंजिनियर आला, वर जाऊन खाली वाकून टाइल्स बघितल्या आणि काही न बोलता अ‍ॅग्रीमेंटचं पान काढून पुढे धरलं. लेखी परवानगीशिवाय बाथरूम, टॉयलेट, किचनच्या पाइप-फिटिंगला हात लावला तर दोषाची जबाबदारी संपली, असं त्यात छापलेलं, आणि ही अट बऱ्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये असते, वाचतं कोण! इंटिरियरवाल्याचा फोन तोवर बंद. खर्च वरच्यांच्याच गळ्यात पडला, आणि ती दोन घरं अजून लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलत नाहीत.

माझं म्हणणं, टाइल्सना हात लावायच्या आधी पाणी साठवून बघा. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या पाणी जायच्या भोकात, कापडाचा बोळा घट्ट कोंबायचा, उंबऱ्याच्या खाली राहील एवढं पाणी भरायचं, पातळीला पेन्सिलची खूण करायची आणि २४ तासांनी खालच्यांकडे जाऊन सिलिंग बघायचं. ओल दिसली तर फोटोसकट बिल्डरला ईमेल. कोरडं असेल तरी फोडाफोडी लेखी परवानगी आल्यावरच. एवढा वेळ कुणाला आहे म्हणतात लोक. अरे, कर्ज २० वर्षांचं घेता आणि एक दिवस थांबवत नाही?

दुसरी चूक म्हणजे तोंडी तक्रार. सेल्सवाल्या मुलीला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं म्हणे, ती नोकरी सोडून गेलेली. ३० दिवस मोजायचे तर कळवल्याची तारीख सिद्ध व्हायला नको का? मी ईमेल करतो आणि तेच पत्र अ‍ॅग्रीमेंटमधल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पोचपावतीसकट पाठवतो (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं), जुनाट वाटेल पण चालतं. तरी बिल्डर हलला नाही तर महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते, फी भरावी लागते पण वकील लागतोच असं नाही.

बाकीच्या पटापट. पझेशन लेटरवर 'सर्व समाधानकारक' वाचून सही ठोकू नका, नळ, खिडक्या, स्विच बघून जे खटकेल ते त्याच कागदावर लिहा. रिसेलचा फ्लॅट असेल तर मोजणी पहिल्या पझेशनपासून होते, तुमच्या खरेदीपासून नाही, म्हणून जुन्या मालकाकडून ते लेटर घ्याच. लिफ्ट, पंप यांची कंपनीची वॉरंटी वेगळी, त्याची कार्डं सोसायटीने मागून घ्यायची. घराचा इन्शुरन्स काढलाय म्हणून निवांत राहू नका, तो आग, भूकंप, पुरासाठी, खराब कामासाठी नाही.

आणि गच्ची गळत असेल तर टॉप फ्लोअरवाल्यांनी एकट्याने भांडू नये, पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ द्या. तोवर ओळखीच्या माणसाकडून तिथे स्वस्तातलं केमिकल मारून घेऊ नका, नंतर मूळ दोष कुणाचा यावरच वर्षभर वाद चालतो.