बॅलडचे 'फिट' कसे पाडावेत

बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं. जुन्या इंग्रजीत लांब बॅलडच्या एका भागाला 'फिट' म्हणत. जुन्या छापील प्रतींत 'फायट्टे' वाचावंसं वाटेल असं स्पेलिंग दिसतं, पण उच्चार फिटच. आपल्या पोवाड्यातला चौक जवळपास तेच काम करतो.

आधी कडवी पक्की करा. चार ओळी, पहिल्या-तिसऱ्या ओळीत चार आघात (जोर देऊन म्हणायच्या जागा), दुसऱ्या-चौथीत तीन, यमक दुसरी-चौथीचं. पन्नास-साठ कडव्यांच्या पुढे गेलात तरच फिट पाडा. वीस कडव्यांना तीन फिट म्हणजे नुसता आव.

भाग समान करायच्या भानगडीत पडू नका. रॉबिन हूडच्या 'गेस्ट' या जुन्या इंग्रजी बॅलडमध्ये ४५६ कडवी, ८ फिट. पहिला ८१ कडव्यांचा, पाचवा जेमतेम ३६. तोडायचं ते मजलीवर: पात्र निघालं, पोचलं, कर्ज फिटलं. कडव्याच्या पोटात कधीच नाही, चाल मोडते.

खरी मेख दोन फिटच्या सांध्यात. ऐकणारा मध्येच उठून गेलेला असतो, म्हणून नव्या फिटची पहिली ओळ मागचं सांगते: 'आता सरदार वाटेला लागला', बस्स. चार कडवी उजळणी केलीत की लोक कंटाळलेच. जुना इंग्रज कवी चॉसर याच्या 'सर थोपास' या कथाकाव्यात सांगणारा फिट संपल्याचं जाहीर करतो, आणखी हवं तर सांगतो म्हणतो, आणि पुढचा फिट 'आता तोंडं मिटा' म्हणून उघडतो. तिथे ती थट्टा आहे. गंभीर कथेत ही लकब एकदाच वापरा.