यकृतासाठी स्टेम सेलचा सल्ला मिळालाय? पैसे भरण्याआधी करायची तपासणी

"स्टेम सेल सोडल्या की लिव्हर नवीन होतं, तीन सिटिंग लागतील," असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की सिरोसिसच्या (यकृतात व्रण साठून ते निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या घरचे लोक हातातलं सगळं सोडून पैशाच्या मागे लागतात. निफाड-दिंडोरीकडे तर द्राक्षाचे आलेले पैसे तसेच तिकडे वळतात, नाहीतर सोनं मोडलं जातं. त्याआधी दोन-तीन दिवस काढा. रिपोर्टची फाइल, मोबाइल आणि एक वही एवढ्यावर पुढची सगळी तपासणी घरी बसून होते.

सगळ्यात आधी नियम बघा. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व तशाच काही ठरावीक आजारांसाठी होणारं बोन मॅरोच्या जातीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल (दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) हा नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही. सिरोसिससाठी तो फक्त मान्यताप्राप्त चाचणीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्ये, देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून हातात 'पॅकेज'चा कागद पडला की तिथेच थांबा. पैसे मागितले जात असतील तर ती चाचणी नाही, आणि चाचणी नसेल तर तो उपचार द्यायला परवानगी नाही.

आता त्या कागदावरचे आकडे वाचू. समजा लिहिलंय, किलोमागे 10 लाख पेशी. रुग्ण 60 किलोचा, म्हणजे एका वेळी 6 कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं. पण माणसाच्या यकृताच्या एका ग्रॅममध्येच साधारण 10 ते 14 कोटी यकृतपेशी असतात आणि अख्खं यकृत दीड किलोच्या आसपास भरतं. म्हणजे सोडलेली प्रत्येक पेशी जगली, यकृतात पोचली आणि यकृतपेशी झाली असं धरलं, तरी तयार होईल जेमतेम अर्धा ग्रॅम. प्रत्यक्षात तसंही होत नाही. हाताच्या शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल पेशींपैकी (हाडांचा मगज, नाळ किंवा चरबीतून काढतात त्या स्टेम सेल) बऱ्याचशा आधी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. या पेशींवर प्रामाणिकपणे काम करणारे संशोधकही "त्यांचं यकृत बनतं" असं म्हणत नाहीत. त्यांच्यातून झिरपणाऱ्या द्रव्यांनी सूज आणि व्रण कमी होतात का, एवढंच ते तपासतात. तेव्हा समोरच्याला सरळ विचारा: पेशी कुठल्या, कुठून काढलेल्या, कुठल्या वाटेनं देणार, आणि गुण आला हे कुठल्या तपासणीवरून ठरवणार? "पेशंटला बरं वाटेल" हे उत्तर चालत नाही.

विक्रीच्या बोलण्यात हमखास येणारा एक मुद्दा गर्भाचा असतो. "पोटात असताना बाळाचं रक्त यकृतातच तयार होतं, म्हणून नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेलपासून यकृत होतं." यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच दुसरं गळी उतरतं. साधारण सहाव्या आठवड्यापासून गर्भाच्या यकृतात रक्तपेशी बनू लागतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास यकृत गर्भाच्या वजनाच्या जवळजवळ दहा टक्के असतं, त्याचं एक कारण हेच. पण रक्ताच्या स्टेम सेल तिथे भाडेकरू असतात. त्या महारोहिणीजवळच्या भागातून येतात, काही महिने राहतात आणि मग हाडांच्या मगजात निघून जातात. यकृतपेशींचा वंश वेगळा. चौथ्या आठवड्यात, 22व्या दिवसाच्या सुमारास, आद्य आतड्याच्या पोटाकडच्या बाजूला एक लहानसा फुगवटा येतो, त्यातून त्या निघतात.

हा फुगवटाही आपल्या बळावर यकृत होत नाही. शेजारी धडधडणारं हृदय आणि जिथून पुढे मध्यपटल घडतं तो ऊतीचा पडदा, या दोघांकडून रासायनिक संकेत मिळाले तरच तो त्या वाटेला लागतो. मग त्याच्या पेशी पडद्यात घुसतात आणि तिथल्या शिरांभोवती रचल्या जातात. पोर्टल शिरेला लागून राहिलेल्यांच्या पित्तनलिका होतात, बाकीच्यांच्या यकृतपेशी. 2013 मध्ये जपानमध्ये योकोहामाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत यकृताचा इवलासा अंकुर बनवला, तेव्हा त्यांनाही एकट्या यकृतवंशी पेशी पुरल्या नाहीत. रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी आणि मेसेन्कायमल पेशी सोबत घालाव्या लागल्या. सिरोसिसमध्ये तर हा शेजारच बिघडलेला असतो. व्रणांचे पट्टे, अडलेलं रक्त, वेड्यावाकड्या गाठी. नुसत्या पेशी ओतून ती रचना परत उभी राहत नाही.

"उंदरात सिद्ध झालंय" असंही सांगतात. 2000 च्या आसपास रक्ताच्या स्टेम सेलपासून उंदरात यकृतपेशी झाल्याचे निकाल आले होते खरे. पण 2003 मध्ये दिसून आलं की त्या पेशी उंदराच्या यकृतपेशींशी जुळून एक झाल्या होत्या. नवी यकृतपेशी घडली नव्हती. माणसांवर ब्रिटनमध्ये 81 रुग्णांची चाचणी झाली, निकाल 2018 ला आला: स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या स्टेम सेल देऊन यकृताचं काम सुधारलं नाही, उलट त्या गटात गंभीर त्रास जास्त दिसले.

समोरचा "आमची चाचणीच आहे" म्हणाला, तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. तो सीटीआरआय, वर्ष, महिना आणि पुढे आकडे अशा क्रमानं असतो. क्रमांक नसेल तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर इंग्रजीत सिरोसिस आणि स्टेम सेल हे शब्द टाकून शोधा. नोंद उघडली की घाईनं वरवर बघू नका. तुम्हाला सांगितलेलं रुग्णालय केंद्रांच्या यादीत नावानिशी आहे का? भरती चालू आहे की चाचणी संपली? एथिक्स कमिटीची (रुग्णांच्या हिताकडे बघणाऱ्या समितीची) आणि औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळालेली आहे की 'प्रलंबित'? तुमच्या रुग्णाचं वय आणि आजाराची पायरी पात्रतेत बसते का? लोक फसतात ते इथे: नोंदणी म्हणजे सरकारनं उपचाराला दिलेली पसंती असं समजतात. ती फक्त नोंद आहे.

धोकेही विचारून घ्या, कारण ते कुणी आपणहून सांगत नाही. सिरोसिसमध्ये प्लेटलेट कमी असतात, त्यामुळे पेशींसाठी हाडातला मगज (बोन मॅरो) काढताना रक्तस्राव होऊ शकतो. यकृताच्या धमनीतून पेशी सोडायच्या तर अँजिओग्राफीचा डाय लागतो, तो नाजूक झालेल्या किडनीला झेपेलच असं नाही. पेशी वाढवताना जंतुसंसर्ग शिरला तर थेट रक्तात जातो.

या सगळ्या धावपळीत हातचे उपचार राहून जातात, ते होऊ देऊ नका. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियमचे ताजे रिपोर्ट घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडून मेल्ड स्कोअर (यकृत किती बिघडलंय ते सांगणारा आकडा) काढून घ्या. तो 15 किंवा वर असेल, किंवा पोटात पाणी, रक्ताची उलटी, बरळणं यातलं काही एकदा जरी झालं असेल, तर यकृत प्रत्यारोपण केंद्राचं मत घ्यायला उशीर नको. नाशिकहून मुंबईला सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन येता येतं, पुणंही जवळ आहे. सोबत सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्तगट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. हिपॅटायटिस सी निघाला तर बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या लागतात, आजार वाढलेला असेल तर कधी 24. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. हिपॅटायटिस बीची गोळी मनानं बंद करू नका, आजार उसळतो. दारू पूर्ण बंद, 'कमी केली' असं नाही. कॅन्सरसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

खरोखरची चाचणी सापडली आणि रुग्ण त्यात बसत असेल, तर जरूर विचार करा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, तिथल्या तिथे सही करू नका. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असायलाच हवं. एथिक्स कमिटीचा फोन नंबर, कधीही बाहेर पडायची मुभा आणि सही केलेली एक प्रत हेही मिळायला हवं. पैसे आधीच भरले असतील तर पक्की पावती, पॅकेजचा कागद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करताना हेच कागद लागतात.